आठ मिनिटांचा दवाखाना

गेल्या दोन महिन्यांत तीन पालक दवाखान्यात आले ते औषधासाठी नव्हे. तिघांचा प्रश्न एकच होता. "डॉक्टर, पोरगा एम.बी.बी.एस. झालाय. आता इंग्लंडला जायचं म्हणतोय. ती परीक्षा कसली असते? पैसे घालावेत का?" त्यातल्या एकाने तर दोन एकर रान विकायची तयारी ठेवली होती. या सदरात आपण एरवी खोकला, ताप, रक्तदाब यांविषयी बोलतो. आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो. ही परीक्षा आमच्या घरात येऊन गेली आहे, आणि तिने मलाही एकदा नापास केले आहे.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाली. इंटर्नशिप आणि ग्रामीण भागातली बंधपत्रित सेवा पूर्ण करून तिने इंग्लंडचा ध्यास घेतला. दादा निवृत्त शिक्षक. त्याने शिक्षक पतसंस्थेतून कर्ज काढले. त्यामुळे पुढचे सारे मी अगदी जवळून पाहिले.

परीक्षा आहे तरी कशी?

एके काळी आपल्याकडची वैद्यकीय पदवी इंग्लंडमध्ये थेट चालत असे. तिथे डॉक्टरांची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिल करते. १९७५ मध्ये भारतीय पदव्यांची ही सरसकट मान्यता संपली आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी परीक्षा आली. तिलाच आज सारे 'प्लॅब' म्हणून ओळखतात. या नावातच व्यवसाय आणि भाषा अशा दोन्हींची पारख आहे.

सुरुवात इंग्रजीपासून होते. आयईएलटीएस ही परीक्षा दिली तर सरासरी साडेसात आणि वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या प्रत्येकात किमान सात गुण लागतात. आरोग्यक्षेत्रासाठीची ओईटी दिली तर प्रत्येक भागात 'बी' श्रेणी हवी. पदवी खरी आहे की नाही हे थेट महाविद्यालयाकडून पडताळून घेतले जाते. मग पहिला भाग येतो. तीन तासांत १८० प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. हा भाग मुंबईत देता येतो. आपली मुले पाठांतरात आणि पर्यायांच्या प्रश्नांत तयार असतात. पुतणी पहिल्याच फटक्यात उत्तीर्ण झाली. आम्ही पेढे वाटले.

खरी कसोटी दुसऱ्या भागाची. तो फक्त मँचेस्टर शहरात होतो. तिथे ओळीने १६ प्रसंग मांडलेले असतात. दाराबाहेर रुग्णाची थोडक्यात माहिती लावलेली असते, ती वाचायला दीड मिनिट मिळते. मग आत जायचे. आत रुग्णाचे काम करणारी व्यक्ती बसलेली असते. कोणी छातीत दुखते म्हणून घाबरलेली, कोणी नुकतीच वाईट बातमी ऐकलेली, कोणी रागावलेली. हाताशी फक्त आठ मिनिटे. तेवढ्यात विचारपूस, गरज असेल तर तपासणी, निदान, उपाय, आणि ते सारे रुग्णाला समजावून सांगणे. गुण तीन खात्यांत पडतात. माहिती नीट काढली का, उपाय योग्य सुचवला का, आणि माणसाशी माणसासारखे वागलात का. हे तिसरे खाते पहिल्या दोघांच्याच तोलामोलाचे आहे.

२०२३ मध्ये पुतणी मँचेस्टरला गेली. साधारण महिन्याने निकाल आला. नापास.

निदाने तिची चुकली नव्हती. तिसऱ्या खात्यात गुण गेले होते. आपल्या सरकारी दवाखान्यात एका सकाळी दीडशे केसपेपर काढायची सवय लागलेली. "काय होतंय? किती दिवस? जीभ दाखवा. ही गोळी तीन वेळा." तिथे ते चालले नाही. स्वतःचे नाव सांगितले नाही, गुण गेला. रुग्ण बोलत असताना मध्येच तोडले, गुण गेला. दादा आठ दिवस कोणाशी फारसा बोलला नाही. प्रत्येक भागाला साधारण चारच संधी मिळतात, आणि कर्जाचे हप्ते तर संधी मोजत नाहीत.

घरातली परीक्षा

दुसऱ्या खेपेची तयारी आमच्याच घरी झाली. रोज रात्री जेवणानंतर दिवाणखान्याचा दवाखाना व्हायचा. रुग्ण कधी मी, कधी सौ., कधी दादा. मोबाइलवर आठ मिनिटांची घंटा लावलेली. एका रात्री पुतणी म्हणाली, "काका, आज तुम्ही डॉक्टर व्हा. मी गुण देते."

तीस वर्षे दवाखाना चालवतोय. हसतच खुर्चीत बसलो. रुग्ण होता दादा. प्रसंग असा की, पन्नाशी ओलांडलेला मधुमेही, साखर आटोक्यात येत नाही. मी म्हणालो, "साखर २६० आहे. पथ्य पाळत नाही तुम्ही. गोळी वाढवतो. भात, बटाटा, साखर बंद. महिन्याने दाखवा." घड्याळात पाहिले तर दोन मिनिटेसुद्धा झाली नव्हती. मी खुशीत!

पुतणीने वही पुढे केली. उपायाच्या खात्यात चारपैकी दोन. तिसऱ्या खात्यात शून्य. "काका, तुम्ही त्यांना एकही प्रश्न विचारला नाहीत."

मग ती स्वतः माझ्या जागी बसली. आधी नाव सांगितले. मग विचारले, "गोळ्या घेताना काही अडचण येते का? बऱ्याच जणांची एखादी गोळी चुकते, तसं तुमचंही होतं का?" आणि गप्प बसली. दादाही गप्प. मला वाटले, बिचाऱ्याला संवाद आठवत नसावा. जरा वेळाने तो म्हणाला, "संध्याकाळची गोळी मी आठ महिने झाले घेतच नाही."

तो नाटकातले बोलत नव्हता. दादाला खरोखरच मधुमेह आहे आणि त्याची गोळी मीच लिहून दिलेली. तो ती सातला घ्यायचा, भजनाला जायचा आणि जेवायचा साडेनऊला. मध्येच दरदरून घाम, हातापायांना कापरे, छातीत धडधड. दोनदा असे झाल्यावर त्याने गोळीच सोडली. दर भेटीत मी साखर पाहून त्याला पथ्यावरून रागवत राहिलो. "अरे, मला सांगायचं नाही का?" मी म्हणालो. तो म्हणाला, "तू विचारलंस कधी?"

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. सख्खा भाऊ, रोज भेटणारा, आणि आठ महिने मला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली, ती ९.८ निघाली. गोळी बदलली, मात्रा कमी केली, जेवणाच्या वेळेशी बांधली. तीन महिन्यांनी आकडा ७.४ वर आला.

पास झाले, पुढे काय?

२०२४ मध्ये पुतणी दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण झाली. पेढे पुन्हा वाटले, पण जरा जपून. त्या तीन पालकांना मला हेच नीट सांगायचे आहे. परीक्षा पास होणे म्हणजे नोकरी लागणे नव्हे. पास झाल्यावर नोंदणी करता येते, एवढेच. नोकरी स्वतः शोधावी लागते. एकेका जागेला शेकडो अर्ज येऊ लागले आहेत. ब्रिटिश सरकारने जुलै २०२५ मध्ये दहा वर्षांचा आरोग्य आराखडा मांडला. विशेषज्ञ होण्यासाठीच्या प्रशिक्षणाच्या जागांवर आपल्या देशात शिकलेल्या डॉक्टरांना प्राधान्य द्यायचे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या मुलांवर हा अन्याय, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या मुलांनाही २०२४-२५ पासून याच अभ्यासक्रमाच्या आराखड्यावरची परीक्षा द्यावी लागते. पण कर्ज काढण्याआधी हे माहीत हवे. पुतणीचे अर्ज अजून चालू आहेत. तोवर ती इथल्याच ग्रामीण रुग्णालयात काम करते आणि हप्ता स्वतःच्या पगारातून भरते.

दुसऱ्या देशांच्या वेशीही वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेत यूएसएमएलई या परीक्षेचे टप्पे आहेत. त्यातल्या पहिल्या टप्प्याला जानेवारी २०२२ पासून गुण मिळत नाहीत, फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. रुग्ण तपासण्याची प्रत्यक्ष परीक्षा कोरोनाकाळात थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. परीक्षांनंतरही बहुतेकांना तिथे काही वर्षे निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घ्यावे लागते, मग इथे एम.डी. केलेले असो वा नसो. आणि उलट दिशेनेही वेस आहेच. रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स इथे शिकून परतणाऱ्या आपल्या मुलांना २००२ पासून भारतात चाळणी परीक्षा द्यावी लागते. ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. बहुतेक वेळा त्यात पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच जास्त असतात.

तेव्हा पालकांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, पूर्ण खर्च आधी कागदावर मांडा. परीक्षेची फी, इंग्रजीची परीक्षा, पडताळणी, व्हिसा, विमान, तिथले राहणे, आणि हे सारे दुसऱ्यांदा करावे लागले तर? दुसरी, नोकरी लागेपर्यंत वर्षभर घर कसे चालेल याचा विचार करा. तिसरी, रान विकू नका. मुलाला आधी इथे दोन वर्षे काम करू द्या. पगार आणि अनुभव दोन्ही गाठीला राहतील.

आता सर्वांसाठी

ज्यांच्या घरी कोणी डॉक्टर नाही त्यांनाही या परीक्षेचा उपयोग आहे. डॉक्टरांकडे गर्दी असते, आठ मिनिटे मिळतीलच असे नाही. म्हणून जाताना चिठ्ठीवर तीन ओळी लिहून न्या. काय त्रास होतो, कशाची भीती वाटते, आणि कोणती गोळी घेत नाही व का. ही तिसरी ओळ लपवू नका. डॉक्टर रागावले तरी सांगा.

मधुमेहाच्या गोळीनंतर किंवा इन्सुलिननंतर घाम, कापरे, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले तर साखर उतरली आहे असे समजा. तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच घ्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या, मग जेवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. गोळी मनाने बंद करू नका. मात्रा आणि वेळ बदलता येते, फक्त आम्हाला ते कळायला हवे.

माझ्या दवाखान्यातही एक बदल झाला आहे. केसपेपरवर शेवटी एक ओळ छापून घेतली आहे : 'गोळ्यांची अडचण विचारली का?' तिथे खूण केल्याशिवाय मी पेपर पुढे सरकवत नाही. परवा पुतणी दवाखान्यात डोकावली, दहा-बारा पेपर चाळले आणि म्हणाली, "काका, दोन ठिकाणी खूण राहिलीय." त्या दोघांना मी फोन करून परत बोलावले आहे.