व्हॉल्व्ह काढल्यानं गाडी थंड राहत नाही

एप्रिल लागला की जुनी गाडी असलेल्या घरांत एक सल्ला हमखास ऐकू येतो. ‘व्हॉल काढून टाका, आपल्याकडं त्याचं काय काम?’ व्हॉल म्हणजे थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं वालूर असो, शेजारचं मानवत असो की जिंतूर, पंधरा-वीस वर्षांची मारुती 800, वॅगन आर, सँट्रो किंवा इंडिका उन्हात तापायला लागली की मिस्त्रीच्या आधी शेजारीपाजारीच हा उपाय सांगून मोकळे होतात. मिस्त्रीही बऱ्याचदा मान डोलावतो. दोन बोल्ट सुटतात, पितळी चकती बाहेर येते, झाकण परत बसतं आणि गाडी साध्या पाण्यावर घरी जाते. पुढच्या वर्षी तीच गाडी हेड गॅसकेट जाळून परत येते. तेव्हा त्या काढलेल्या व्हॉल्व्हची आठवणही कुणाला नसते.

हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो इतक्या खात्रीनं दिला जातो की त्याचा एकदा सविस्तर समाचार घ्यायलाच हवा.

थर्मोस्टॅट हा इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा आहे. त्याच्या पोटात मेणाची एक कुपी असते. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि दरवाजा उघडतो. पाणी निवलं की स्प्रिंग तो परत लावते. वीज लागत नाही, वायर लागत नाही. 1930 च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी शोधलेली ही मेणाची युक्ती आजही जवळपास तशीच वापरात आहे. बहुतेक गाड्यांत व्हॉल्व्ह साधारण 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडतो.

आता मे महिन्यातली दुपार घ्या. बाहेर 43 अंश, एसी चालू, गाडीत पाच माणसं. अशा वेळी चांगला व्हॉल्व्ह आधीच सताड उघडा असतो. सताड उघडा दरवाजा चौकटीतून काढून नेला, तर आत येणारा वारा कितीसा वाढणार? पाण्याची वाट थोडी मोकळी होते, एवढंच. उष्णता बाहेर टाकायचं काम रेडिएटरचं, पंख्याचं आणि पाण्याच्या पंपाचं. त्यांच्यात खोट असेल तर ती व्हॉल्व्ह काढून भरून निघत नाही.

मग व्हॉल्व्ह काढल्यावर काटा खाली आला, असं सांगणारी माणसं खोटं बोलतात का? नाही. काही वेळा व्हॉल्व्हच बंद अवस्थेत अडकलेला असतो, आणि तो काढल्यावर गाडी खरोखर निवते. पण तिथं दोष अडकलेल्या व्हॉल्व्हचा होता. उपाय होता नवा व्हॉल्व्ह, आणि जुन्या छोट्या गाड्यांसाठी तो काही शे रुपयांत मिळतो. दुसऱ्या काही वेळा रेडिएटर अर्धा जाम झालेला असतो आणि मोकळ्या वाटेनं दोन-चार अंशांचा दिलासा मिळतो. दुखणं आत तसंच वाढत राहतं. कळतं ते पुढच्या उन्हाळ्यात.

उन्हाळ्यातच का, याचा हिशोब सोपा आहे. रेडिएटर किती उष्णता टाकेल, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. पाणी 90 अंशांवर आणि हवा 25 वर असेल, तर फरक 65. हवा 43 वर गेली की फरक उरतो 47. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. डिसेंबरात निम्म्या नळ्या बुजलेल्या असूनही गाडी कुरकुरत नाही. मे महिन्यात तीच गाडी सेलूला पोचेपर्यंत वाफ सोडते. दोष उन्हाच्या माथी मारला जातो, वास्तविक तो आधीपासून आत बसलेला असतो.

काही गाड्यांत तर व्हॉल्व्ह काढल्यानं उलटंच होतं. तिथं तोच व्हॉल्व्ह उघडताना रेडिएटरला वळसा घालणारी बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, आणि काही पाणी रेडिएटरचं तोंडही न पाहता तापलेलंच इंजिनात परत फिरतं. अशी गाडी ‘व्हॉल काढूनही गरम होते’ म्हणून दारोदार फिरवली जाते. इथं व्हॉल्व्हच्या बाजूनं बोलणाऱ्यांचीही एक चूक दुरुस्त करायला हवी. व्हॉल्व्ह नसेल तर पाणी इतक्या जोरात पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, असं ते सांगतात. हे कारण खरं नाही. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असतं. प्रवाह वाढल्यानं रेडिएटरची उष्णता टाकण्याची क्षमता कमी होत नाही. बाजू बरोबर असली तरी कारणही बरोबर हवं.

दुसरा युक्तिवाद असतो, ‘व्हॉल थंड मुलखासाठी. आपल्याकडं थंडी कुठं?’ परभणीत राहणाऱ्यानं तरी हे म्हणू नये. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत हिवाळ्यात पारा 5 अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. आणि इंजिनाच्या दृष्टीनं 30 अंशांची सकाळसुद्धा थंडच असते, कारण त्याला 85-90 अंशांवर काम करायचं असतं. व्हॉल्व्ह नसलेलं इंजिन, विशेषतः छोट्या अंतरांवर, तिथवर पोचतच नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. एमपीएफआय म्हणजे इंजेक्टरच्या गाडीत सेन्सर कॉम्प्युटरला ‘इंजिन अजून थंड आहे’ असं कळवत राहतो आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, ऑइलमधला ओलावा उडून न गेल्यानं आत चिखल साचतो. मग मालक प्लग बदलतो, फिल्टर बदलतो, पंपावरच्या पेट्रोलला नावं ठेवतो.

या समजुतीचं मूळ समजण्यासारखं आहे. ॲम्बेसेडरच्या जुन्या 1489 सीसी इंजिनचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे होते. ते पुष्कळ सोसायचं. सुट्या भागांसाठी शहर गाठावं लागायचं, म्हणून अडकलेला व्हॉल्व्ह काढून गाडी चालती करणं हा त्या काळातला रास्त तोडगा होता. मारुती 800 पासून ॲल्युमिनियमचं हेड घरोघरी आलं. ते जास्त तापलं की वाकतं, गॅसकेट सोडतं आणि फेसिंगला पाठवावं लागतं. इंजिन बदललं, सल्ला मात्र जुनाच राहिला.

व्हॉल्व्ह खराब आहे की नाही हे ठरवायला अंदाज लागत नाही. तो काढावा, दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात लोंबता सोडावा, पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नये. शेजारी 100 अंशांपर्यंतचा थर्मामीटर धरावा आणि गॅस मंद ठेवावा. व्हॉल्व्हच्या कडेवर उघडण्याचं तापमान बहुधा कोरलेलं असतं. त्या आकड्याजवळ चकती हळूच सरकायला लागली, पाणी उकळेपर्यंत काही मिलिमीटर उघडली आणि गार पाण्यात टाकल्यावर घट्ट मिटली, तर व्हॉल्व्ह ठणठणीत आहे. दोष दुसरीकडं शोधायचा. परत बसवताना चकतीवरचं बारीक भोक किंवा लोंबती पिन वरच्या बाजूला यावी. तिथूनच अडकलेली हवा निघते.

दुसरीकडं म्हणजे कुठं, हे गाडी स्वतः सांगते. उभ्या-उभ्या किंवा बाजारच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा पाहावा. उलट वेगात तापत असेल, तर रेडिएटर जाम, पंप थकलेला किंवा खालची नळी आत दबत असण्याची शक्यता जास्त. सकाळी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढतो आणि वरची जाड नळी गारच लागते, तेव्हा संशय व्हॉल्व्हवर घ्यायचा. बाहेर थेंब नाही तरी पाणी घटतं, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते, ही लक्षणं हेड गॅसकेटकडं बोट दाखवतात. आणि एक गोष्ट जिवाशी येऊ शकते: पाणी पार संपलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. काटा अचानक पडला तर निर्धास्त न होता गाडी बाजूला घ्यावी.

कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यात एक कारण नेहमी नजरेआड राहतं. समोरून पाहिलं तर एसीचा कंडेन्सर स्वच्छ दिसतो. पण त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत बॅटरीचा उजेड टाकला, तर धूळ, कापसाचे तंतू, गाजरगवताचं बी आणि मेलेले किडे यांचं नमद्यासारखा पापुद्रा दिसतो. हवा तिथंच अडते. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला साध्या नळीचं पाणी मारलं की ते सुटतं. वॉशिंगच्या मशीनचा दाब मारू नये, पातळ पत्र्या मुडपतात.

पंख्याच्या बाबतीतही व्हॉल्व्हसारखाच प्रकार चालतो. ‘फॅन डायरेक्ट करून घ्या’ म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू. मूळ बिघाड बहुतेकदा रेडिएटरजवळच्या थर्मोस्विचमध्ये, रिलेत किंवा फ्यूजमध्ये असतो. जुन्या गाडीत दोन वायरींचा स्विच असेल, तर प्लग काढून त्यातली दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडावीत. पंखा फिरला तर स्विच गेलेला. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटार या क्रमानं तपासावं. एवढी पाच मिनिटांची तपासणी टाळून रिलेशिवाय बारीक वायरीनं पंखा जोडणं म्हणजे वायरिंग जळण्याला आमंत्रण.

रेडिएटरचं झाकण तर कुणी मोजतच नाही. ते कुकरच्या शिट्टीसारखं आत दाब धरून ठेवतं. साधारण 0.9 बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 118 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर तडकलं किंवा स्प्रिंग मऊ पडली की हा सगळा फायदा गेला. आणि याच कारणानं तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाब सुटताक्षणी आतलं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावं, वरची नळी दाबून मऊ लागते का पाहावं, मगच जाड फडक्यानं झाकण हळूहळू फिरवावं.

‘कुलंट बर्फाच्या प्रदेशात लागतं’ हाही याच घराण्यातला समज. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कुलंटपेक्षा सरसच आहे, हे मान्य. पण मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी जड. बादलीला जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या पोकळ्यांत धरतो, आणि ॲल्युमिनियम-लोखंड-पितळ एकत्र असलेल्या इंजिनात गंज वेगानं पसरतो. कुलंटमधली गंजरोधकं हे थांबवतात. शिवाय डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं की मिश्रणाचा उत्कलनबिंदू दाबाशिवायही 107 अंशांच्या आसपास जातो. तयार मिश्रण घेतलं तर त्यात पाणी घालायचं नाही.

बाकीचे समज थोडक्यात. डिझेल गाडीचं ऑइल भरल्यावर लगेच काळं पडणं ही भेसळ नव्हे. ते काजळी धरून ठेवतंय. बॅटरीत ॲसिड ‘टॉप-अप’ करायचं नसतं, फक्त डिस्टिल्ड पाणी. गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवणं फियाट-ॲम्बेसेडरच्या इंजिनजवळच्या पंपाला उपयोगी होतं, कारण त्यात पेट्रोलची वाफ अडकायची. टाकीत पंप असलेल्या एमपीएफआय गाडीला त्याचा उपयोग नाही. स्कॅनर लावला की कुठला पार्ट गेला हे कळतं, हा तर महागात पडणारा समज. स्कॅनर कोड देतो. पी 0128 हा कोड फक्त इतकं सांगतो की पाणी अपेक्षित वेळेत तापत नाही. व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, कुणी काढलाय, पाणी कमी आहे की सेन्सर बिघडलाय, हे माणसालाच शोधावं लागतं.

ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल दोन्ही टोकं चूक आहेत. इंजिन लगेच बसत नाही, आणि काहीच फरक पडत नाही हेही खरं नाही. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच ई-0 साठी बनवलेल्या आणि ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटेल असं म्हटलं आहे. जुन्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घेणं शहाणपणाचं.

शेवटी ज्या समजापायी चांगल्या गाड्या मातीमोल भावानं विकल्या जातात, तो: 15 वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते. वयावरून गाडी रस्त्यावरून हटवण्याचे आदेश दिल्ली आणि परिसरासाठी निघाले. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि तपासणीत पास झाल्यावर 5 वर्षांसाठी नव्यानं मिळते. त्यासाठी पर्यावरण कर भरावा लागतो, आणि 1 एप्रिल 2022 पासून नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 रुपये झाली, म्हणून खर्चाची तयारी ठेवावी. वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीसाठी चालू दर परिवहन कार्यालयात विचारून घ्यावा. एमएच-22 ची गाडी असेल तर मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत परभणीच्या कार्यालयाकडं अर्ज करता येतो. तपासणीला नेण्याआधी ब्रेक, दिवे, धूर आणि टायर पाहून घ्यावेत.