ई-मेलमधील कूटलेखन आणि डिजिटल स्वाक्षरी



'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार तुमच्या परिचयाचा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या पत्रातील 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, अशी आख्यायिका आहे. तिच्या ऐतिहासिक सत्यतेचा प्रश्न येथे बाजूला ठेवू. आपल्या विषयासाठी तिच्यातील एक बारकावा पुरेसा आहे : पत्र दादांचेच होते, ज्यांच्यासाठी होते त्यांनाच मिळाले, बदलले ते एक अक्षर. कागदावरील स्वाक्षरी माणसाची ग्वाही देते, मजकुरातील प्रत्येक अक्षराची देत नाही.

मराठेशाहीतील पत्रलेखकांना या अडचणीची जाणीव होती. मजकूर संपतो त्या जागी मोर्तबाचा शिक्का उमटवीत, जेणेकरून त्याखाली कोणाला काही वाढवता येऊ नये. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आजही वापरतो तो त्यामुळेच. मात्र मोर्तबाने पत्राचा शेवट सुरक्षित होई, मधला मजकूर नव्हे.

डिजिटल स्वाक्षरी ही उणीव भरून काढते. ई-मेल प्रोग्राम संपूर्ण मजकुरावरून गणिती रीतीने ठरावीक लांबीचा एक अंक काढतो. त्याला 'हॅश' म्हणतात. मजकुरातील एक अनुस्वार गळला तरी हॅश पार बदलतो. प्रेषक या हॅशवर आपल्या खासगी किल्लीने स्वाक्षरी करतो आणि प्राप्तकर्त्याचा प्रोग्राम प्रेषकाच्या सार्वजनिक किल्लीने ती पडताळून पाहतो. वाटेत 'ध' चा 'मा' झाला असेल तर पडताळणी फसते. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये डिजिटल स्वाक्षरीची व्याख्या याच दोन गोष्टींवर, म्हणजे किल्ल्यांची जोडी व हॅश यांवर, आधारलेली आहे. सहीचा फोटो काढून पत्राखाली चिकटवणे ही डिजिटल स्वाक्षरी नव्हे. तो फोटो कोणीही उचलून दुसऱ्या पत्राखाली लावू शकतो.

स्वाक्षरीने पत्र खरे ठरते, गुप्त होत नाही. स्वाक्षरी केलेला मजकूर वाटेत कोणालाही वाचता येतो. गोपनीयतेसाठी वेगळी योजना लागते आणि तिचे उत्तम उदाहरण आपल्याच साहित्याच्या इतिहासात आहे. पैठण परिसराशी निकटचा संबंध असलेल्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह योजलेले असे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तिची किल्ली उलगडली, तेव्हा हे वाङ्मय पंथाबाहेरच्या अभ्यासकांना खुले झाले. अशा लिपीच्या मर्यादा भाषाभ्यासकाला सहज दिसतात. मराठीत कोणते अक्षर किती वेळा येते याची जाण असलेल्याला ती फार काळ अडवू शकत नाही. शिवाय लिहिण्याची आणि वाचण्याची किल्ली एकच असल्याने ती दूरच्या माणसापर्यंत पोचवायची कशी, हा प्रश्न उरतोच.

१९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी यावर मार्ग मांडला : किल्ल्या दोन असाव्यात, एक सर्वांना द्यावी, दुसरी स्वतःजवळ ठेवावी. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांच्या 'पीजीपी' या प्रोग्राममुळे ही सोय सामान्यांच्या ई-मेलपर्यंत आली.

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीला आपले बँक खात्याचे तपशील अभ्यासकेंद्राला पाठवायचे आहेत. ती पत्र कुलूपबंद करते केंद्राच्या सार्वजनिक किल्लीने, आणि त्यावर स्वाक्षरी करते स्वतःच्या खासगी किल्लीने. केंद्र ते उघडते आपल्या खासगी किल्लीने व स्वाक्षरी तपासते तिच्या सार्वजनिक किल्लीने. ही दिशा पुन्हा एकदा वाचा. विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो.

'थंडरबर्ड' या विनामूल्य प्रोग्राममध्ये २०२० पासून ही सुविधा अंगभूत आहे. खात्याच्या सेटिंगमधील 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' या विभागात किल्ल्यांची जोडी तयार करता येते. मजकूर कूटबद्ध झाला तरी पाठवणारा, घेणारा व दिनांक या लखोट्यावरच्या बाबी उघड राहतात, हे मात्र ध्यानात असू द्या.

खरा धोका गणितात नसून ओळखीत आहे. 'परीक्षा शुल्क या नव्या खात्यात भरा' असे पत्र आले, सोबत केंद्राच्या नावाची सार्वजनिक किल्लीही आली आणि स्वाक्षरीची पडताळणी यशस्वी झाली, तरी ती किल्ली केंद्राचीच कशावरून? केंद्राच्या नावाने किल्ली कोणीही तयार करू शकतो. म्हणून प्रत्येक किल्लीला 'फिंगरप्रिंट' असतो. थंडरबर्डमधील किल्लीचा तो ४० अंक-अक्षरांचा असतो. तुमच्याजवळ आधीपासून असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधून तो वाचून घ्यावा आणि जुळला तरच किल्ली स्वीकारावी. पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. तोही त्याच भामट्याचा असू शकतो.

खासगी किल्ली हरवल्यास तुम्हाला आलेली कूटबद्ध पत्रे तुम्हालाही वाचता येणार नाहीत, आणि येथे कोणी राजवाडे मदतीला येणार नाहीत. तिची प्रत सांकेतिक शब्द घालून पेन ड्राइव्हवर घ्यावी व तो पेन ड्राइव्ह संगणकापासून वेगळा ठेवावा.