गर्दींत वाट कां तुटते?

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशीं मालवण, वेंगुर्लें, कणकवली येथें घरोघरीं दुपारचा एक वाजण्याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. १६ जुलै २०२१ रोजीं १५ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचा निकाल जाहीर झाला, आणि त्याच घटकेस निकालाचीं संकेतस्थळें कांहीं तास उघडेनाशीं झालीं. वाट अशी सर्वस्वीं बंद झाली, तर दोष निदान सर्वांस दिसतो. याहून कठीण प्रकार निराळाच आहे: पुष्कळांना पान दिसतें, थोड्यांना दिसत नाहीं, आणि कांहीं वेळानें सर्व आपोआप सुरळीत होतें. याची मीमांसा आम्ही येथें थोडक्यांत करणार आहों.

गर्दीच्या संकेतस्थळापुढें बहुधा प्रॉक्सी सर्व्हर नांवाचा मध्यस्थ संगणक असतो. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्यास जशी होडी, तसा वाचकाच्या मागणीस हा मध्यस्थ. तो ती मागील मूळ संगणकाकडे पोहोंचवितो. त्यासाठीं प्रत्येक नव्या जोडणीस एक क्रमांक लागतो. त्यास पोर्ट म्हणतात. लिनक्स प्रणालींत या कामीं मुळांत ३२७६८ पासून ६०९९९ पर्यंतचे, म्हणजे २८,२३२ क्रमांक ठेविलेले असतात. मध्यस्थानें जोडणी मिटविली, तरी तिचा क्रमांक ६० सेकंद राखून ठेवितात; मागें रेंगाळलेला जुना मजकूर नव्या जोडणींत मिसळूं नये, हा त्यांतील हेतु होय. आतां विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा. २८,२३२ यांस ६० नीं भागिलें असतां सुमारें ४७० येतात. म्हणजे एकाच पत्त्याकडे दर सेकंदास याहून अधिक नव्या जोडण्या सतत होऊं लागल्या, कीं मिनिटाभरांत क्रमांक संपतात व पुढच्यांस नकार मिळतो. गर्दी ओसरतांच क्रमांक मोकळे होतात आणि दोष नाहींसा होतो. या सर्व काळांत यंत्राचा मेंदू निवांतच असूं शकतो. म्हणून अधिक बलाढ्य यंत्र आणूनही गुण येत नाहीं.

असेच आणखी दोन अडसर आहेत. जोडण्यांची नोंद ठेवणारें कोष्टक भरलें, तर लिनक्स नवे निरोप टाकून देते, व तसें आपल्या नोंदवहींत लिहूनही ठेविते. दुसरा अडसर दाराशीं उभ्या राहणाऱ्या रांगेचा: तिची मूळ मर्यादा पूर्वीं १२८ होती; २०१९ सालच्या ५.४ या आवृत्तीपासून ती ४०९६ झाली.

मग परीक्षा कशी करावी? दोष घडत असतांनाच मोजणी केली पाहिजे. मागाहून पाहिलें तर सर्व निर्दोष दिसतें. अयशस्वी मागण्यांच्या वेळा टिपाव्या, आणि त्याच क्षणीं राखीव क्रमांक किती, कोष्टक किती भरलें, रांग किती लांबली, हें पाहावें. जो आंकडा मर्यादेस टेकला असेल, तेथेंच दोषाचें मूळ. उपाय एका वेळीं एकच करावा. नाहीं तर कोणत्या औषधानें गुण आला हें कळत नाहीं. क्रमांक संपत असतील, तर मूळ संगणकाशीं असलेली जोडणी दर खेपेस न तोडतां तीच पुढील मागणीस वापरावी, हा उत्तम उपाय. एका खेपेनंतर होडी कोणी मोडीत काढीत नाहीं.

वाचकांचेंही यांत कर्तव्य आहे. पान उघडेना म्हणून वारंवार बटण दाबिलें, तर प्रत्येक वेळीं आणखी एक मागणी रांगेंत उभी राहते, आणि शेजाऱ्याच्याच मुलाची वाट अडते. दहा मिनिटें थांबल्यानें गुण कमी होत नाहींत. विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं तेवढा धीर धरावा, अशी आमची विनंती आहे.