फ्लॅशचा उजेड आणि माणसाचा रंग

छायाचित्रण ही प्रकाशाची कला आहे, असे आपण नेहमी ऐकतो. पण आपल्या घरातले बहुतेक फोटो सूर्यप्रकाशात निघतच नाहीत. बारसे, हळद, लग्न, स्नेहसंमेलन हे सारे छपराखाली नाही तर रात्री होते, आणि तिथे उजेड बरोबर न्यावा लागतो. चौकला माझे मामा लग्नाचे फोटो काढतात. लग्नसराईत मी त्यांच्या हाताखाली असते. त्या अनुभवातून या कृत्रिम उजेडाविषयी जे समजले ते येथे मांडते.

प्रथम फ्लॅश म्हणजे काय ते पाहू. चार पेन्सिल सेलच्या सहा व्होल्ट विजेवर आतले सर्किट एक कपॅसिटर सुमारे तीनशे व्होल्टपर्यंत भरते. फ्लॅश चालू केल्यावर बारीक शीळ ऐकू येते, ती याचीच. बटण दाबताच साठलेली वीज झेनॉन वायूच्या नळीतून एकदम वाहते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात, पुष्कळदा त्याहूनही आधी, सारा खेळ आटोपतो. (बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नये. सेल काढले तरी कपॅसिटर भरलेला राहतो.) पूर्वी हे इतके सुखाचे नव्हते. १८८७ साली जर्मनीत मिटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी पोटॅशियम क्लोरेटबरोबर पेटवून उजेड पाडला. त्याचा धूर खोलीभर होई. १९३० च्या सुमारास फ्लॅश-बल्ब आले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या पिढीतील वृत्तछायाचित्रकारांना एका फोटोला एक बल्ब जाळावा लागे.

आता मांडवात येऊ. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतो. अंतर दुप्पट झाले की उजेड पाव होतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो. म्हणूनच जेवणाच्या पंगतीच्या फोटोत जवळचे काका खडूसारखे पांढरे आणि टोकाला बसलेली मंडळी अंधारात. यात काकांचा दोष नाही. फोटो काढणाऱ्याने दोन पावले मागे सरकावे, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या माणसांतील अंतराचे प्रमाण कमी होते.

दुसरी गोष्ट शटरची. फ्लॅश इतका क्षणिक असतो की शटर थोडे अधिक वेळ उघडे राहिले तरी त्याच्या उजेडात फरक पडत नाही. फरक पडतो तो समईच्या, दिव्यांच्या माळांच्या आणि आकाशाच्या उजेडात. शटर साठाव्या भागाऐवजी पंधराव्या भागावर ठेवले, तर माणूस फ्लॅशने उजळतो आणि मागची समईही जिवंत दिसते. गोरज मुहूर्ताला याची खरी परीक्षा. आकाशाचा उजेड मिनिटामिनिटाला उतरत असतो, मंगलाष्टके काही थांबत नाहीत, आणि मामांचे बोट सारखे शटरच्या चाकावर फिरत असते.

पुस्तके सांगतात की फ्लॅश सरळ तोंडावर मारू नये, छताकडे वळवावा. पांढऱ्या छतावरून परतलेला उजेड मऊ पडतो. हे शहरातल्या हॉलमध्ये ठीक आहे. आमच्याकडे वर कौले आणि काळवंडलेले वासे, नाहीतर मांडवाचे लाल-पिवळे कापड. कौले उजेड गिळून टाकतात, आणि लाल कापडावरून परतलेला उजेड नवरीला लाल करून सोडतो. यावर मामांचा उपाय म्हणजे मामींच्या पेटीतले एक पांढरेशुभ्र धोतर. ते दुहेरी करून मी बाजूला ताणून धरते आणि मामा फ्लॅश त्याकडे वळवतात. "पोरी, जरा वर धर," एवढेच काय ते मार्गदर्शन.

पांढऱ्या कापडाचा एक त्रासही आहे, आणि तो नेमका अंतरपाटाचा. फ्लॅशची स्वयंचलित यंत्रणा समोरून किती उजेड परत येतो ते मोजते आणि पुरेसा आला असे वाटले की वीज तोडते. तिच्या हिशेबी समोरचे जग सरासरी मध्यम करड्या रंगाचे असते. मधे अंतरपाट आला की कापडच इतका उजेड परत पाठवते की यंत्रणा लवकर थांबते आणि वधूवरांचे चेहरे काळे पडतात. म्हणून त्या पाच मिनिटांत मामा ती यंत्रणा बंद करून उजेड हाताने ठरवतात.

हाच करड्या जगाचा हिशेब सावळ्या माणसांच्या मुळावर येतो, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. चकचकीत सोनेरी पडद्यापुढे सावळी नवरी बसवली की ती अंधारते. काळ्याभोर पार्श्वभूमीवर बसवली की यंत्रणा जादा उजेड फेकते आणि चेहरा राखेसारखा होतो. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना जी नमुन्याची चित्रे पाठवी, त्यांत कित्येक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. म्हणजे ही खोड जुनी आहे. आता संगणक आल्यावर तर "जरा उजळ करा हो" ही फर्माईश प्रत्येक लग्नात होते आणि एका झटक्यात पुरी होते. अल्बममध्ये मग कोणाचीही वाटेल अशी मुलगी दिसते.

सावळा चेहरा उजळावा लागत नाही. त्याला बाजूने आणि मोठ्या पृष्ठभागावरून उजेड द्यावा लागतो. अशा कांतीवर गालाचे हाड, कपाळ, हनुवटी यांचा घाट सावलीपेक्षा तिच्यावर उमटणाऱ्या चमकेमुळे कळतो. छोट्या फ्लॅशची चमक कपाळावर एका ठिपक्यात गोळा होते. धोतरावरून आलेल्या उजेडाची चमक गालभर पसरते. हळद लावलेल्या तेलकट चेहऱ्याला तर हे दुप्पट लागू.

आमच्या चौकच्या मागे इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. घरात प्रत्येकाचा एक तरी ओळखू येईल असा फोटो असावा, हे त्यानंतर मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. आसपासच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर कित्येक वृद्धांचा एकुलता फोटो म्हणजे आधारकार्डावरचा.

वाडीवर जाताना आम्ही फ्लॅश नेतो, पण बहुधा लागत नाही. ओटीच्या कडेला माणसाला बाहेरच्या उजेडाकडे किंचित तोंड करून बसवायचे, ऊन लागू द्यायचे नाही, आणि पलीकडच्या बाजूला धोतर धरायचे. मोबाइलवर काढणाऱ्यांनीही एवढेच करावे आणि त्याचा दिवा बंद ठेवावा. तो भिंगाला इतका चिकटून असतो की अंधारात डोळे लाल येतात, आणि पावसात त्याच्या उजेडाने जवळचे थेंबच पांढरे ठिपके होऊन माणसाच्या पुढे येतात.