हिवाळी पार्किंगचे नियम आणि दंडाचे औचित्य : मिनियापोलिस व शिकागो या शहरांच्या संदर्भात

प्रस्तावना

नागरी प्रशासनात दंडाचा विचार बहुधा शिक्षा किंवा महसूल या दोन अंगांनी केला जातो. तथापि काही नियमांत दंडाचा मूळ हेतू व्यक्तीस शासन करणे हा नसून एखादे सार्वजनिक काम ठरलेल्या वेळेत पार पाडणे हा असतो. उत्तर अमेरिकेतील बर्फाळ शहरांत हिवाळ्यात रस्त्यावर मोटार उभी करण्यासंबंधीचे नियम हे याचे उत्तम उदाहरण होय. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मिनियापोलिस व शिकागो या शहरांच्या नियमांचे स्वरूप स्पष्ट करून असा दंड न्याय्य केव्हा ठरतो, या प्रश्नाचा विचार केला आहे.

नियमांची आवश्यकता

बर्फ हटवणाऱ्या वाहनाच्या पुढे तिरके पोलादी पाते असते. ते बर्फ रस्त्याच्या मध्यातून कडेला लोटते. कडेला मोटार उभी असल्यास चालकास वळसा घालावा लागतो आणि तिच्याभोवतीचा बर्फ तसाच राहतो. दिवसा किंचित वितळून रात्री गोठलेला हा बर्फ पुढे पात्यालाही दाद देत नाही. त्यावर नवे थर चढतात व रस्ता उत्तरोत्तर अरुंद होत जातो. अखेरीस अग्निशामक बंब व रुग्णवाहिका यांनाही वाट उरत नाही. म्हणजेच एका मोटारीमुळे होणारी अडचण एका रात्रीपुरती नसते. तिचे परिणाम संपूर्ण वस्तीला हिवाळाभर भोगावे लागू शकतात.

मिनियापोलिस : गरजेनुसार लागू होणारा नियम

मिनियापोलिस येथे वर्षाला सरासरी १३० सेंटिमीटरच्या आसपास बर्फ पडतो. मोठा हिमवर्षाव झाल्यावर नगर प्रशासन ‘हिम-आणीबाणी’ जाहीर करते व तीन दिवसांचे वेळापत्रक सुरू होते. पहिल्या दिवशी रात्री ९ ते सकाळी ८ या वेळेत ठरावीक प्रमुख मार्गांच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत उर्वरित निवासी रस्त्यांची सम बाजू आणि तिसऱ्या दिवशी त्याच वेळेत विषम बाजू मोकळी करावयाची असते.

आपल्याकडील शहरांत सम-विषम पार्किंग तारखेवर ठरते. येथे ते घरक्रमांकावर ठरते, हा फरक लक्षात घ्यावा. विशेष म्हणजे एखादी बाजू कडेपर्यंत पूर्ण साफ झाली की मुदत संपण्यापूर्वीच तेथे मोटार उभी करता येते. नियमाचे आयुष्य कामाच्या आयुष्याएवढेच ठेवले आहे. बर्फ साचून रस्ते फारच अरुंद झाल्यास निवासी रस्त्यांच्या सम बाजूस दीर्घकाळ बंदी घातली जाते. २०२३ च्या जानेवारीत असा निर्णय घेण्यात आला होता.

शिकागो : दिनदर्शिकेनुसार लागू होणारा नियम

जानेवारी १९६७ मध्ये शिकागोत सुमारे ५८ सेंटिमीटर बर्फ पडला आणि हजारो मोटारी रस्त्यांतच सोडून द्याव्या लागल्या. १९७९ च्या हिमवादळानंतर बर्फ हटवण्यातील दिरंगाईचा रोष महापौर मायकेल बिलँडिक यांना भोवला व पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत जेन बर्न यांनी त्यांचा पराभव केला. या अनुभवांतून रात्रीच्या बंदीचा नियम आला. १ डिसेंबर ते १ एप्रिल या काळात सुमारे १०७ मैल प्रमुख रस्त्यांवर पहाटे ३ ते सकाळी ७ पर्यंत मोटार उभी करता येत नाही. बर्फ पडलेला असो वा नसो. याखेरीज सुमारे ५०० मैल रस्त्यांवर दोन इंच बर्फ साचल्यास वेगळी बंदी लागू होऊ शकते.

रात्रीची बंदी मोडल्यास ६० डॉलर दंड, मोटार उचलून नेण्याचे किमान १५० डॉलर आणि साठवणुकीचे प्रतिदिनी २५ डॉलर आकारले जातात. म्हणजे एका चुकीची किंमत २१० डॉलरपासून सुरू होते आणि पैसे जमवण्यास जितका विलंब, तितकी ती वाढते.

चर्चा

शिकागोच्या नियमात निश्चितता आहे. तारीख व वेळ आधीच ठाऊक असते. परंतु कोरड्या रस्त्यावरून मोटार उचलली गेल्यास नागरिकाला त्यामागील कारण दिसत नाही. मिनियापोलिसच्या नियमात कारण डोळ्यांसमोर असते, पण प्रत्येक वेळी घोषणा ऐकणे व तीन दिवसांचा हिशेब ठेवणे आवश्यक ठरते. म्हणूनच तेथे इंग्रजीबरोबर स्पॅनिश, सोमाली व मोंग या भाषांतूनही माहिती दिली जाते. नियम समजण्याची सोय ही नियमाचाच भाग मानली पाहिजे, हे यातून दिसते.

दुसरा मुद्दा आर्थिक विषमतेचा आहे. घरामागे गॅरेज असलेल्यास या नियमांची झळ क्वचितच लागते. भाड्याच्या सदनिकेत राहणाऱ्या व रात्रपाळी करणाऱ्या कामगारास मात्र रस्ता हेच वाहनतळ असते. शिकागोतील सर्व प्रकारच्या वाहनदंडांच्या थकबाकीने कृष्णवर्णीय वस्त्यांतील अनेकांना दिवाळखोरीपर्यंत नेल्याचे प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिले. थकीत पार्किंग दंडापायी वाहन परवाना निलंबित करण्याची तरतूद इलिनॉय राज्याने कायद्याने रद्द केली. तो बदल १ जुलै २०२० पासून अमलात आला. परवाना गेला की कामावर जाणे अडते आणि मग दंड भरणेही अडते, हे दुष्टचक्र त्यामुळे काही अंशी तुटले.

कॅनडातील माँट्रियलमध्ये बर्फ उचलण्याआड येणारी मोटार, सायरन वाजवून, सामान्यतः जवळच्याच रस्त्यावर हलवली जाते. दंड होतो, पण रस्ता मोकळा करण्यासाठी मोटार जप्तच केली पाहिजे असे नाही, हे यावरून सिद्ध होते.

निष्कर्ष

हिवाळी पार्किंगचा दंड तीन अटींवर न्याय्य ठरतो : नियम नागरिकाला कळेल अशा भाषेत व वेळेत पोहोचावा, मोटार हलवण्यास जवळपास पर्यायी जागा असावी, आणि दंडाचा भार रस्ता साफ झाल्यानंतरही अमर्याद वाढत राहू नये. यांपैकी एखादी अट सुटली की दंड कामाचे साधन न राहता केवळ वसुली होतो. रस्ता मोकळा झाला का, हीच अशा नियमाच्या यशाची कसोटी होय. तिजोरीत किती रक्कम जमा झाली, ही नव्हे.