फुकटचा राखणदार घरात घ्यावा का?

दिवाळीच्या सुटीत अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी घरी जाणे झाले. ओसरीला लागून असलेल्या खोलीत संगणक होता. धाकटी लेक धुळ्याला कॉलेजात शिकते, तिच्यासाठी घेतलेला. आता घरचे सारे काम त्याच्यावरच चालते. सातबाऱ्याचे उतारे, पीकविम्याच्या पावत्या, कापसाचा जमाखर्च, थोरलीच्या लग्नाचे फोटो, सगळे त्या एका पेटीत. पण यंत्र सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागत. घरचे आबा म्हणाले, "भाऊ, या यंत्रले काय व्हयनं?"

पाहिले तर आत दोन निरनिराळे फुकटचे अँटीव्हायरस बसलेले! एक दुकानदाराने टाकून दिलेला, दुसरा पुतण्याने. दोघेही एकच फाइल तपासायला धावत आणि एकमेकांच्या पायात पाय घालत. वर 'संगणक धोक्यात आहे, पैसे भरा' अशी पाटी घडोघडी झळके. ती पाहून आक्का बिचाऱ्या संगणकाला हात लावायला भीत.

तेव्हा प्रश्न असा, की घरच्या संगणकाला बाहेरून आणलेला फुकटचा अँटीव्हायरस खरोखर लागतो का?

पूर्वी लागत होता

एके काळी लागत होता, हे खरे. 1990 च्या दशकात संगणकाला स्वतःचा राखणदार नव्हता. फ्लॉपीवरून रोग एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाई. त्या काळात आपल्या सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात यंत्रदुरुस्तीचे काम करीत. दुरुस्तीला येणारे संगणक रोगट असत. त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर औषध म्हणून प्रोग्राम लिहिला. त्यातूनच 'क्विक हील' हा अँटीव्हायरस उभा राहिला आणि मराठी माणसाचे नाव देशभर झाले.

पुढे मायक्रोसॉफ्ट कंपनीने राखणदार विंडोजच्या आतच दिला. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून 'डिफेंडर' हा अँटीव्हायरस यंत्राबरोबरच येतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. सुरुवातीला तो लेचापेचा मानला जाई. आता तसे राहिले नाही. जर्मनीतील 'एव्ही-टेस्ट' ही संस्था अशा प्रोग्रामांची परीक्षा घेते, आणि गेली काही वर्षे तो तेथे वरच्या श्रेणीत उतरतो आहे.

बाहेरचा अँटीव्हायरस बसवला, की हा घरचा राखणदार आपले नेहमीचे काम थांबवून बाजूला होतो. म्हणजे राखणदार दोन होत नाहीत. घरचा उठतो आणि परका बसतो, एवढेच.

फुकटाची किंमत

परका फुकट का राबतो, हेही विचारावे. बहुतेक कंपन्या पुढे विकतचा प्रकार गळ्यात मारण्यासाठी फुकटचा देतात. पण 'अवास्ट' या नामांकित कंपनीचे प्रकरण त्याहून मोठे निघाले. लोक इंटरनेटवर कोठे कोठे जातात याची माहिती तिने गोळा केली आणि आपल्याच एका उपकंपनीमार्फत विकली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. 2024 साली तिला 1 कोटी 65 लाख डॉलर भरावे लागले. सगळ्याच कंपन्या अशा नसतात. पण फुकट दिसते ते फुकट असतेच असे नाही.

बियाण्यावर सगळे सोडू नये

मग डिफेंडर आहे म्हणून निश्चिंत झोपावे काय? नाही. आपल्याला कापसाचा अनुभव आहे. 2002 मध्ये बीटी बियाणे आले तेव्हा वाटले, बोंडअळीची कटकट गेली. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. मग कामगंध सापळे लावणे, फरदड न घेणे ही कामे आपल्यालाच करावी लागली.

संगणकातले असे पहिले काम म्हणजे विंडोजच्या सुधारणा वेळेवर घेणे. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' या रोगाने जगभरचे संगणक कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारी सुधारणा मार्चमध्येच निघाली होती. ती घेतलेली यंत्रे त्या भगदाडातून बाधली नाहीत.

म्हणून जुना संगणक स्वस्तात घेताना विंडोज कोणते आहे ते आधी विचारा. विंडोज 7 च्या सुधारणा जानेवारी 2020 मध्ये बंद झाल्या. विंडोज 10 च्या नेहमीच्या सुधारणाही 14 ऑक्टोबर 2025 नंतर थांबल्या. त्यापुढे काही काळ वेगळी नोंदणी करून सुरक्षेपुरत्या सुधारणा देण्याची सोय कंपनीने ठेवली. भिंतच पडली असेल तर दाराशी कितीही राखणदार बसवून उपयोग नाही. असे यंत्र इंटरनेटला न जोडता हिशेबापुरते वापरावे, किंवा जाणत्याकडून त्यात लिनक्स टाकून घ्यावे.

दुसरे काम, कागदपत्रे आणि फोटो यांची प्रत पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या हार्डडिस्कवर काढून ती कपाटात ठेवणे. बियाण्याची कणगी वेगळी ठेवतो, तसेच हे. प्रत काढली की ती संगणकापासून सोडवून ठेवा. जोडलेली राहिली तर रोग तीही खाईल.

तिसरे काम मोबाइलचे. 'पीएम किसान'च्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीकेची फाइल येते. ती उघडली, मागेल ती परवानगी दिली, की बँकेचा ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतो. मालकानेच आतून कडी काढली तर राखणदाराचा काय इलाज? अशी फाइल उघडू नका. पैसे गेलेच, तर लाजून बसू नका. ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवा आणि बँकेलाही सांगा.

आबांच्या घरी काय केले?

दोन्ही फुकटे काढून टाकले. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडून डिफेंडर कामाला लागल्याची हिरवी खूण पाहिली आणि राहिलेल्या सुधारणा घेतल्या. त्यात सारी दुपार गेली, खर्च मात्र एका पेनड्राइव्हचा. लेकीने त्यावर सगळ्या कागदांची प्रत काढून घेतली.

संध्याकाळी आक्कांनी स्वतः संगणक सुरू केला आणि थोरलीच्या लग्नाचे फोटो काढून पाहत बसल्या. पैसे मागणारी पाटी काही आली नाही.