पाण्यावर उडणारी लाकडी नाव

आमच्या लहानपणी सुरसागरच्या पायऱ्यांवर संध्याकाळी मुलांचा एक ठरलेला उद्योग असे. फुटक्या कौलाची चपटी खापरी घ्यायची, कमरेतून वाकायचे आणि ती पाण्यावर आडवी भिरकावायची. खापरी टप्पे घेत घेत दूर जाई. त्याला आम्ही ‘भाकऱ्या काढणे’ म्हणत असू. तलावाच्या मधोमध महादेवाची भव्य मूर्ती उभी राहण्यापूर्वीची ही गोष्ट. खापरी जोरात असेतो पाणी तिला वर ढकलते आणि जोर सरला की ती बुडते, हे शास्त्र आम्हांस कोणी शिकविले नव्हते. पण या एवढ्याशा शास्त्रावर माणसाने यंत्रे बांधली, त्यांच्यासाठी प्राण वेचले आणि एका शहराला वेड लावले, हे मला कळले ते मात्र उतारवयात, सातासमुद्रापलीकडे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी लेकीकडे सिअॅटलला होतो. एके सकाळी नातू म्हणाला, “आजोबा, चला, आज तुम्हांला उडणारी नाव दाखवतो.” त्याने मला तेथील इतिहास व उद्योगाच्या संग्रहालयात नेले. आत शिरताच डोक्यावर एक लाकडी नाव टांगलेली दिसली. लांबी सुमारे अठ्ठावीस फूट, नाकाकडे दोन बाजूंना दोन पंजे, आणि नाव मोठे गमतीचे : ‘स्लो-मो-शन फोर’, म्हणजे मंदगती क्रमांक चार! या मंदगतीने २६ जून १९५० रोजी वॉशिंग्टन सरोवरावर ताशी १६०.३२३ मैलांचा जागतिक विक्रम केला होता.

या जातीच्या नावेला हायड्रोप्लेन म्हणतात. यंत्र मागच्या फळीवर बाहेर न टांगता नावेच्या पोटात बसविलेले असेल, तर ती ‘इनबोर्ड’. साधी नाव पाणी कापीत जाते. वेग वाढवू पाहावा तो पाण्याचा अडथळा त्याहून झपाट्याने वाढतो, आणि बरीचशी शक्ती लाटा उठविण्यातच खर्च होते. यावर तोड सुचविली ती एका इंग्रज धर्मोपदेशकाने. ससेक्समधील रेव्हरंड रेमस यांनी १८७२ साली ब्रिटिश नौदलखात्याला कळविले की, नावेच्या तळाला पायरी ठेवा, म्हणजे वेगात ती पाण्यावर चढून घसरत जाईल. कल्पना बिनचूक होती, पण तेवढी शक्ती देणारे हलके यंत्र त्या काळी जगात नव्हते. वाफेच्या यंत्राचा बोजाच नावेला खाली दाबी. पेट्रोलचे यंत्र येईपर्यंत बिचाऱ्या पायरीला वाट पाहावी लागली.

मग मात्र स्पर्धा पेटली. अमेरिकेचे गार वुड यांनी आपल्या ‘मिस अमेरिका एक्स’ या नावेत प्रत्येकी सुमारे १६०० अश्वशक्तीची चार पॅकार्ड यंत्रे बसविली आणि १९३२ मध्ये ताशी १२४.८६ मैलांचा वेग गाठला. त्याआधी, १३ जून १९३० रोजी, इंग्लंडच्या विंडरमिअर सरोवरावर सर हेन्री सेग्रेव्ह यांनी ९८.७६ मैलांचा विक्रम केला आणि त्याच दिवशी नाव उलटून ते गेले. नावेवरील एक यंत्रज्ञही त्यांच्याबरोबर गेला. विक्रम आणि मृत्यू एकाच दिनांकाखाली लिहिलेले असावेत, हे या खेळाच्या वहीत पुढेही घडावयाचे होते.

१९३० नंतरच्या दशकात तळाच्या पायरीऐवजी तीन बिंदूंवर टेकणारी नाव आली : पुढे दोन पंजे आणि मागे शेपटीकडील तळ. सर माल्कम कॅम्बेल यांनी १९ ऑगस्ट १९३९ रोजी कॉनिस्टनच्या सरोवरावर अशाच नावेतून १४१.७४ मैलांचा विक्रम केला. पंधरा दिवसांत महायुद्ध पेटले आणि तो आकडा अकरा वर्षे तसाच राहिला.

तो मोडला सिअॅटलच्या त्रिकुटाने. मालक स्टॅन्ली सेयर्स, आराखडा टेड जोन्स यांचा, आणि बांधणी अँकर जेन्सन यांच्या नौकाशाळेत. त्यांनी शेपूटही पाण्यातून उचलली. भरवेगात या नावेचे दोन पंज्यांचे टोक आणि अर्धा पंखा एवढेच पाण्याला शिवत असे, बाकी सारी नाव हवेत! अर्धा पंखा पाण्याबाहेर फिरत असल्यामुळे मागे पाण्याचा उंच तुरा उठे. त्याला तिकडे कोंबड्याची शेपटी म्हणतात, आणि ती उपमा अगदी चपखल आहे. यंत्र होते विमानाचे, अॅलिसन कंपनीचे बारा सिलिंडरांचे. युद्ध संपल्यावर लढाऊ विमानांची अशी यंत्रे सरकारी गुदामांत पडून होती आणि स्वस्तात विकली जात होती. जे संहारासाठी घडविले ते खेळाच्या कामी आले.

त्याच वर्षी या नावेने डेट्रॉइटला जाऊन १९०४ पासून चालत आलेला ‘गोल्ड कप’ जिंकला. विजेत्याने पुढली शर्यत आपल्या गावी न्यावी, असा तेव्हा रिवाज होता. त्यामुळे १९५१ पासून ही शर्यत सिअॅटलला आली आणि १९५४ पर्यंत सेयर्स यांच्याच नावा ती जिंकीत राहिल्या. गावातली मुले सायकलीच्या मागे दोरीने लाकडी खेळण्यातली हायड्रोप्लेन बांधून रस्तोरस्ती फिरवू लागली. १९५६ मध्ये डेट्रॉइटला ‘मंदगती चार’ आपटून मोडली, तिचा चालक जबर जखमी झाला आणि त्याच वर्षी सेयर्सही वारले. पुढे ती दुरुस्त होऊन संग्रहालयात आली.

नावेखाली उभा राहून मी बराच वेळ वर पाहत होतो. पण खरे सांगावयाचे तर, मन भरले नाही. टांगलेल्या यंत्राकडे पाहताना भिंतीवरची तलवार पाहिल्यासारखे वाटते.

दोन दिवसांनी जावयांनी मला केंट गावच्या हायड्रोप्लेन संग्रहालयात नेले. तेथे नावा नुसत्या मांडून ठेवीत नाहीत, चालत्या करतात. साठी-सत्तरीची माणसे बाह्या सरसावून, बिनपगारी, लाकडाच्या पट्ट्या घासीत होती, खिळे मोजीत होती. एका कोपऱ्यात रोल्स-रॉइसचे मर्लिन यंत्र उघडून ठेवले होते. ते पाहताच मी चमकलो. दुसऱ्या महायुद्धात आपल्या बडोदे संस्थानने विमानांसाठी देणगी दिली होती, आणि ब्रिटिश हवाईदलाच्या एका स्पिटफायर तुकडीला, १२४ क्रमांकाच्या, बडोद्याचेच नाव होते. त्या विमानांत हेच मर्लिन धडधडत असे. मी हे त्या वृद्ध कारागिराला सांगितले. त्याने हातातला पाना खाली ठेवला, हात पुसला आणि माझा हात हातात घेतला. बोलला काहीच नाही.

आणि मला माझ्या आजोबांचा लेथ आठवला.

आजोबा कलाभवनात शिकलेले. १८९० साली सयाजीराव महाराजांनी काढलेल्या त्या संस्थेतून हाताला वळण घेऊन बाहेर पडलेल्या पिढीतले. आमच्या रावपुऱ्यातल्या घरी, मागच्या पडवीत, त्यांचा लेथ होता. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडे. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली, पडवी पाडावयाची ठरली, आणि तो लेथ मी भंगारात घातला. वजनावर पैसे मिळाले. हातगाडी बोळाबाहेर पडली तेव्हा मी दाराशीही आलो नव्हतो. त्या कारागिराच्या तेलकट हाताचा वास नाकात भरला, तो आजोबांच्या हाताचाच होता.

मी त्याला विचारले, “एवढे जुने यंत्र पाण्यात उतरवता, मोडले तर?” तो म्हणाला, “मोडले तर पुन्हा बसवू. न चालवता ठेवले, तर बसवायचे कसे, हेच कोणाला आठवणार नाही.”

हा खेळ निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. नावेखाली कोंडलेली हवा तिला उचलते, आणि जरा अधिक उचलले की नाव पाठीवर पडते. १७ एप्रिल १९६२ रोजी ‘मिस यू. एस. वन’ने पंख्याच्या जोरावर ताशी २००.४१९ मैल गाठले, हा पराक्रम खरा. पण १९ जून १९६६ रोजी वॉशिंग्टन शहरी पोटोमॅक नदीवर एकाच दिवसात तीन चालक गेले आणि पंधरा दिवसांत डेट्रॉइटला चौथा, हेही तितकेच खरे. १९८० नंतरच्या दशकात चालकाभोवती लढाऊ विमानासारखे बंद कवच आले आणि मर्लिन-अॅलिसनची जागा हेलिकॉप्टरच्या टर्बाइनने घेतली. जीव वाचू लागले, हे उत्तमच झाले. जुनी गर्जना मात्र गेली.

ती गर्जना मी त्या रविवारी सरोवराकाठी ऐकली. शर्यतींच्या मधल्या वेळात जुन्या नावा केवळ फेरी मारण्यासाठी पाण्यात उतरल्या. आवाज आधी छातीत उमटला, मग कानांत. पाण्याचा तुरा उठला, त्यात क्षणभर इंद्रधनुष्य दिसले, आणि शेजारी बसलेला माझ्याच वयाचा एक गोरा गृहस्थ लहान मुलासारखा उभा राहून टाळ्या वाजवू लागला.

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून अजूनही पुष्कळ काही असेल. कोणाच्या माळ्यावर शिवणयंत्र, कोणाकडे पायपेटी, कोणाकडे थांबलेले लंबकाचे घड्याळ. वाचकहो, त्याला नुसते पुसून ठेवू नका. तेल घाला, चालवून पाहा, आणि ते चालते कसे हे घरातल्या एका तरी मुलाला शिकवा.

परत आल्यावर मी नातवाला लिहिले की, पुढच्या खेपेस येशील तेव्हा सुरसागरवर जाऊ. लेथ काही मी त्याला दाखवू शकणार नाही. खापरी कशी धरावी, तेवढे मात्र अजून माझ्या हाताला आठवते.